थोरला के, धाकटा के

कंपनीचं नाव बशीरभाईंच्या नावावर आहे
हे कळायला आम्हाला एकवीस वर्षं लागली.
म्हणजे इंटरनेटवरचं नाव.
रुवीतलं दुकान, पाटी, गोडाऊनमधले कॉम्प्रेसर,
सगळं अरबाबचं;
ते एक नाव तेवढं, दोन हजार तीन साली,
कुणालाच त्यात रस नव्हता तेव्हा,
हिशेबाच्या टेबलावरून त्यांनी घेऊन ठेवलं
स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने,
आणि पावती व्हाउचरला लावायची राहून गेली.

आता जुना रजिस्ट्रार दर वाढवतोय,
नाव नव्याकडे न्यायचंय.
नव्याने विचारलं, कोड?
जुन्याने कोड पाठवला
बाणकोटला.

दुपारी दीडला फोन लावला.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, क्लॉक टॉवरखाली चिटपाखरू नाही.
"फॉरवर्ड-बिरवर्ड मला येत नाय, वृंदाबाय.
वाचतो. लिहून घे."

के, केळशीचा. थोरला.
परत के. ह्यो धाकटा.
सात.
व्ही, वेसवीचा, थोरला.
एम, मंडणगड. धाकटा गो, धाकटा.
मग ते मासे धरायचं जाळं असतं ना, तसलं काय तरी.
हॅश, मी म्हणाले.
असेल. आमच्यात जाळंच.
क्यू.
इथे ते अडले. क्यूचं गाव नाय आपल्याकडे.
कतारचा घाल.
मग एक गोल.

गोल म्हणजे?
ओमानचा ओ की शून्य, बशीरभाई?
"थांब, चष्मा आणतो."

चष्मा येईपर्यंत मी ऐकत बसले:
खाडीत तरीचं इंजिन,
कुणीतरी भांडी लावतंय, एक झाकण घरंगळत जाऊन थांबलं;
आणि इकडे माझ्या पायाशी
एसीचं पाणी बादलीत.
कूलिंगची कंपनी आमची, आमचाच एसी गळतो.

चष्म्याने काही ठरलं नाही.
मी ओमान टाकलं. कोड चुकीचा.
शून्य टाकलं. गेलं पुढे.
कुठलं चाललं ते मी त्यांना सांगितलं नाही.

म्हणाले, आता तुम्हाला अजून एक मेल येईल,
नाव सोडायचं नसेल तर इथे दाबा, असं.
दाबू नका. काहीच करू नका.
पाच दिवस गप्प राहिलात
की होकार धरतात.

"गप्प राहिलं की होकार?"
हो.

तिकडे बराच वेळ नुसती तर.

अठ्ठ्याण्णव साली त्यांना सलालाहून बोलावणं आलं होतं.
बंदरावर, पगार दीडपट,
वर खोली; बायकोला आणता आली असती.
तेव्हा एक कागद लागायचा, एनओसी.
थोरल्या अरबाबच्या खणात तो अर्ज
चहाच्या डागासकट तेरा महिने.
नाही असं कुणी म्हणालं नाही.
मग सलालाची जागा भरली.
हे मला ड्रायव्हर मुरादबख्शने सांगितलं,
गाडी उन्हात तापली होती म्हणून आम्ही बाहेर उभे असताना.
बशीरभाईंनी कधीच नाही.
त्या दिवशी फोनवर ते एवढंच म्हणाले,
"बरं चाललंय मग नावांचं."

मधे एकदा त्यांनी विचारून घेतलं,
शुक्रवार-शनिवार धरतात का ह्यांच्यात?
धरतात, म्हटलं.

पाचव्या दिवशी नाव गेलं.
जुन्याने कळवलं, नव्याने कळवलं,
धाकट्या अरबाबने अंगठा पाठवला.
कोड आता कशालाच लागत नाही.
तरी वहीतलं ते पान मी फाडलं नाही:
केळशी, केळशी, सात, वेसवी,
मंडणगड, जाळं, कतार,
आणि ओमान खोडून काढलेलं शून्य.

संध्याकाळी त्यांचाच फोन.
"वृंदाबाय, मी काय नाय केलं हां.
नुसता बसून होतो."